२५ डिसेंबर उलटल्यावर: नाताळ वर्षभर जपण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नंदुरबारला शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमध्ये मुलांसाठी रविवारी भरणाऱ्या वर्गात, शिकवते. दर जानेवारीत घरावर टांगलेला नाताळचा कागदी तारा खाली उतरला की तेच प्रश्न येतात, मुलांकडून कमी आणि त्यांच्या आयांकडून जास्त. तोंडी उत्तरं देऊन कंटाळा आला, म्हणून एकदा लिहूनच काढली. काही उत्तरं लांबलीत, काही एका ओळीत आटोपलीत. ज्याबद्दल बोलण्यासारखं होतं तिथे बोलले.

नाताळ वर्षभर जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं?

उत्साह नव्हे, हे आधी सांगते. उत्साह कुणाचाच बारा महिने टिकत नाही, आणि टिकवायला गेलं की माणूस मार्चपर्यंत दमतो.

लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आपण दर वर्षी वाचतो आणि बहुतेक वेळा देवदूतांच्या गाण्यापाशी थांबतो. थोडं पुढे, विसाव्या वचनात, मेंढपाळ परत गेले असं आहे. कुठे परत गेले? मेंढरांकडे. रात्रपाळी सुरूच होती. बाळाला पाहून आले म्हणून कुणी कळप विकला नाही की बेथलेहेमात दुकान टाकलं नाही. गेले ते देवाची स्तुती करत गेले, पण कामावर गेले.

आपल्याकडे हे समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. खरिपाची शेतं मोकळी झाली की ठेलारी लोक मेंढ्या घेऊन येतात. शेतकरी त्यांना शेतात ‘बसवतो’, लेंडीखत मिळावं म्हणून. ऐन नाताळात, आपण चर्चमध्ये पोरांच्या डोक्याला पंचे गुंडाळून त्यांना मेंढपाळ करतो, तेव्हा खरे मेंढपाळ गावाबाहेर थंडीत जागे असतात. माझी मावशी २६ तारखेला सकाळी अंगण झाडताना म्हणायची, “नाताय सरना, आते कामले लागा.” लहानपणी मला ते रुक्ष वाटायचं. आता वाटतं, तिने विसावं वचन अहिराणीत सांगितलं होतं.

पण २५ डिसेंबर ही तारीख तरी बायबलमध्ये आहे का?

नाही. लूक आणि मत्तय दोघेही जन्माची कथा सांगतात, तारीख कुणीच देत नाही. रोममध्ये २५ डिसेंबरला हा सण पाळत असल्याची सर्वांत जुनी नोंद इसवी सन ३३६ ची आहे. तारीख मंडळीने, म्हणजे चर्चने ठरवली, घटना ठरवली नाही. यावर वाद घालत बसणाऱ्यांना मी चहा देते आणि विषय बदलते.

तारा आणि गव्हाणी (येशूच्या जन्माचा देखावा) कधी उतरवायची?

जुन्या रीतीप्रमाणे नाताळ एका दिवसाचा नाही, बारा दिवसांचा. ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, मागी लोक, बाळाला भेटल्याची आठवण. तोवर ठेवा. तारा नंतर वर्षभर लटकत ठेवला तर उन्हाने कागद पिवळा पडतो आणि चिमण्या आत घरटं करतात. आमच्या शेजाऱ्यांकडे असं झालं, मग पिल्लं उडेपर्यंत तो काढताही येईना. मला ते फार आवडलं होतं, पण ते काही धोरण म्हणून सांगता येणार नाही.

गव्हाणी मांडायची पद्धत कुठून आली? तिचा वर्षभराशी काय संबंध?

१२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावाजवळ असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाणी मांडली. येशू किती गरिबीत जन्मला हे लोकांनी डोळ्यांनी पाहावं, एवढाच हेतू. त्याचा चरित्रकार लिहितो की नाताळच्या दिवशी बैलांना आणि गाढवांना जास्तीचा चारा मिळावा, पाखरांसाठी वाटेवर दाणे टाकावेत असं फ्रान्सिसला वाटे.

हे मी शब्बाथशाळेत सांगितलं तेव्हा एक पोरगा पटकन म्हणाला, “मग तो पोळाच की!” वर्ग हसला. मला मात्र त्याचं म्हणणं पटलं. आपल्याकडची बरीच ख्रिस्ती घरं शेतकऱ्यांची आहेत. गव्हाणीतला बैल मातीचा आणि गोठ्यातला खरा. दुसऱ्याच्या पाठीवर उन्हाळ्यात चाबूक ओढून डिसेंबरात पहिल्याला रंग द्यायचा, हे जमत नाही.

आमच्या वस्तीतली निम्मी माणसं नाताळात ऊसतोडीला गेलेली असतात. त्यांनी काय करायचं?

प्रश्न उलटा करून विचारायला हवा: आपण काय करायचं?

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. नंदुरबार-धुळ्याकडची आदिवासी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेऊन दक्षिण गुजरातेत जातात, बारडोलीकडच्या साखर कारखान्यांच्या उसाला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पोरंही सोबत जातात. पडावावर प्लास्टिकच्या कागदाच्या झोपड्या, पाणी लांब, शाळा बुडालेली. परत येतात ती उन्हाळ्यात. म्हणजे घरोघर नाताळची गाणी म्हणत जाणाऱ्या आपल्या कॅरल फेरीत ज्या घरांना कुलूप दिसतं, त्या घरातली माणसं त्याच रात्री उसाच्या फडाशेजारी असतात.

आता मत्तयाचा दुसरा अध्याय काढा. बाळ जन्मलं, मागी येऊन गेले, आणि लगेच योसेफाला रातोरात बायको-मूल घेऊन मिसरात (इजिप्तमध्ये) पळावं लागलं, कारण हेरोद राजा मुलांना मारायला उठला होता. लूक सांगतो की जन्माच्या वेळीही त्यांना उतारशाळेत जागा नव्हती. म्हणजे नाताळच्या कथेतलं कुटुंब पहिल्यापासून घराबाहेरचं. आपण गव्हाणीची सजावट करतो आणि त्या कुटुंबासारखी जी खरी कुटुंबं आहेत ती आपल्या उपस्थितीच्या वहीत ‘गैरहजर’ असतात.

करता येण्यासारख्या गोष्टी लहान आहेत. गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे दर रविवारी कुणीतरी जायचं, त्यांचं रेशन आणून द्यायचं. औषधाची चिठ्ठी बघायची. मागे राहिलेल्या पोरांपैकी एखादं आपल्या घरी अभ्यासाला बसवायचं. फोनवर शुभेच्छा पाठवण्याऐवजी फोन करायचा, तोही २५ तारखेलाच नव्हे. आमचे तीन-चार जण एका फेब्रुवारीत पडावावर जाऊन आले. नवापूर स्टेशनावरून गाडी धरली. त्या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, एकाच फलाटावर चार पावलं चाललं की राज्य बदलतं. नेताना केक नेला नाही. गोधड्या आणि पोरांच्या पायातल्या चपला नेल्या, मापं आधी फोनवर विचारून. माप न विचारता नेलेली चप्पल ही देणाऱ्याच्या समाधानासाठी असते.

चर्चच्या कॅलेंडरात वर्षभर नाताळ आहे का?

आहे, आणि माझा सगळा भर यावरच आहे. आमच्याकडच्या बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत हे दिवस पाळत नाहीत, कॅथलिकांकडे पाळतात. पाळा न पाळा, पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेनाने खूण करून ठेवायला कुणाची हरकत नसावी. जन्माची गोष्ट एका रात्रीत घडलेली नाही, ती वर्षभर पसरलेली आहे.

२८ डिसेंबर: हेरोदाने मारलेल्या बालकांची आठवण. जन्मानंतर तिसऱ्याच दिवशी रडणं. नाताळ गोड-गोड करून टाकणाऱ्यांनी ही तारीख विसरू नये.

२ फेब्रुवारी: जन्मानंतर चाळीस दिवसांनी बाळाला मंदिरात नेलं तो दिवस. मरीयेने आणि योसेफाने होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं अर्पण केली. नियमशास्त्रात ही सवलत कोकरू परवडत नसणाऱ्या बाईला होती. म्हणजे आपला तारणारा सवलतीच्या अर्पणावर मंदिरात गेला! ज्या बाईने चर्चच्या यादीत आपल्या नावापुढे ‘रु. २०’ लिहिलेलं पाहून मान खाली घातली असेल, तिला हे सांगा. आणि याद्या भिंतीवर लावणं बंद करा. त्याच दिवशी मंदिरात हन्ना नावाची ८४ वर्षांची विधवा होती. तुमच्या गल्लीतली हन्ना कोण, तिला कुणी भेटतं का, एवढं त्या आठवड्यात बघा.

२५ मार्च: देवदूताने मरीयेला निरोप दिला तो दिवस, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी. आपल्याकडे तेव्हा ऊन चढायला लागलेलं असतं.

३१ मे: मरीया आपली नातलग अलीशिबा हिच्या भेटीला गेली त्याची आठवण. एक कोवळी पोर पोटुशी, दुसरी उतारवयात पोटुशी. डोंगराळ भागात चालत जाऊन मरीया तिथे जवळजवळ तीन महिने राहिली. नात्यातली पोर आली, काम केलं, सोबत दिली. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर याच दिवसांत डोक्यावर हंडा घेऊन उतार चढणारी पोटुशी बाई दिसते. ३१ मेला भाषण ठेवू नका, कुणाच्या तरी घरी पाणी भरा. किंवा तिच्यासोबत तपासणीला दवाखान्यात जा, कारण पुष्कळदा अंतरापेक्षा एकटीने जायची भीती मोठी असते.

२४ जून: बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्म, नाताळच्या सहा महिने आधी. लूकमध्ये अलीशिबेला सहावा महिना लागलेला असतानाच मरीयेला निरोप मिळतो, तोच हा हिशेब. पेरणीचे दिवस. बियाण्याच्या पिशव्या आल्यात, हातात पैसा नाही, सावकार दारात. बापाने, जखऱ्याने, मुलाच्या जन्मानंतर गाणं म्हटलं ते ‘आमचे पाय शांतीच्या मार्गावर’ अशा अर्थाने संपतं. ज्याच्याकडे दोन बैल आहेत त्याने त्या आठवड्यात शेजाऱ्याचं अर्धा एकर पेरून दिलं तर ते गाणं म्हटल्यासारखंच आहे.

मग थेट नाताळच्या आधीचे चार रविवार, आगमनकाळ. जुलै ते नोव्हेंबर मोकळं राहतं. राहू द्या. पोळा, कानबाई, दिवाळी, शेजाऱ्यांच्या सणांत जेवायला जा.

लहान मुलांना सांता हवा असतो. काय सांगावं?

खरा माणूस सांगा. संत निकोलस चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा शहरचा बिशप होता. त्याच्याबद्दलची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका अशी की एका बापाकडे तीन मुलींच्या हुंड्याला पैसे नव्हते, आणि निकोलसने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या. ही गोष्ट हिमगाडी आणि हरणांपेक्षा खानदेशातल्या पोरांना लवकर कळते. लग्नसराईत घर विकायला निघालेला मामा त्यांनी पाहिलेला असतो.

मोठ्यांसाठी त्यात एक बोचरी गोष्ट आहे. हुंडा आपल्याही समाजात घेतला जातो, ‘भेटवस्तू’ म्हणून. डिसेंबरात लाल टोपी घालून गोळ्या वाटायच्या आणि एप्रिलमध्ये मुलाच्या लग्नात मोटारसायकल मागायची, अशा घराने सांता निदान दारात तरी उभा करू नये.

दर महिन्याला दान करायला पैसे कुठून आणायचे?

मिझोरामच्या मंडळ्यांतल्या बायकांनी १९१० पासून एक रीत चालवली आहे: प्रत्येक स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढायची. ती मंडळीला जाते, विकून त्यातून सेवेची कामं चालतात. गरिबातल्या गरीब घरातही मूठ असते.

आपल्याकडे तांदळाऐवजी दादर ज्वारी किंवा बाजरी. दळणाला काढताना एक मूठ वेगळ्या डब्यात. आमच्या महिला मंडळात सुरुवातीला अकरा घरं होती, दोन महिन्यांत चार उरली, मग पुन्हा वाढली. डबा पाळकसाहेबांच्या घरी ठेवू नका, चर्चच्या कपाटात ठेवा आणि किल्ल्या दोन बायकांकडे द्या. संशय नव्हे, सोय आहे.

तरुण संघ नाताळला रक्तदान शिबिर घेतो. ते वर्षभरात कसं आणायचं?

शिबिर डिसेंबरातून उचलून मे महिन्यात ठेवा, एवढंच. डिसेंबरात सगळेच घेतात. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, दाते गावाला गेलेले असतात, आणि रक्तपेढ्यांमध्ये तुटवडा पडतो. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं, मात्र वय १८ पूर्ण हवं, वजन ४५ किलोच्या खाली नको आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली नको. शेवटच्या अटीत आपल्या बऱ्याच मुली अडकतात, तेव्हा नुसतं नाव परत पाठवू नका, तिच्या जेवणाकडेही बघा.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक कारण आहे. सातपुड्याच्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो, आणि त्या रुग्णांना रक्त लागत राहतं. हा आजार आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणून कळतही नाही. लग्न जमवताना पत्रिका न बघणाऱ्या आपल्या समाजाने ही एक तपासणी मात्र आधी करावी. जन्माचा सण मानणाऱ्यांना जन्माबद्दल एवढी काळजी हवीच.

हिंदू, मुसलमान शेजाऱ्यांशी हे सगळं करताना गैरसमज होतो. ‘धर्मांतरासाठी करता’ म्हणतात.

म्हणतात खरं. त्यावर माझं मत साधं आहे: कांबळ देताना हातात पत्रक देऊ नका. ज्याला थंडी वाजते त्याला कांबळ पाहिजे. कुणी आपणहून विचारलं तर आपला विश्वास लपवूही नका. कुणाच्या अडचणीचा दोर करून त्याला ओढणं हे येशूच्या पद्धतीत बसत नाही, आणि आपल्या कायद्यातही नाही.

शिवाय घेणंही शिका. आपण करंज्यांचं ताट घेऊन जातो, पण दिवाळीला आलेलं ताट ‘नैवेद्याचं असेल’ म्हणून बाजूला ठेवणारी घरं मला माहीत आहेत. ज्याच्याकडून काही घ्यायचं नाही त्याला सतत देत राहणं म्हणजे त्याला खाली ठेवणं.

भावाशी बांधावरून बोलणं बंद आहे. नाताळात ‘सर्वांना शांती’ म्हणताना लाज वाटते.

वाटू द्या. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. त्यात कुठेही ‘नाताळपर्यंत थांब’ नाही.

व्यवहाराचं एक सांगते. नाताळच्या दिवशी भांडण मिटवायला जाऊ नका. त्या दिवशी घरात पाहुणे असतात, जुनी गोष्ट निघते आणि वहिनी स्वयंपाकघरातून ऐकते. साध्या मंगळवारी जा. शेतात जा, घरी नको. मोजणीचा कागद नेऊ नका. मी माझ्या दिराकडे गेले तेव्हा अर्धा तास आम्ही फक्त कापसाच्या बोंडअळीवर बोललो. बांध अजून तिथेच आहे, वीतभर त्यांच्या बाजूला. पण आता त्यांची मुलगी माझ्याकडे गणित शिकायला येते.

रेल्वेत नोकरी आहे, भुसावळला. रविवारच्या उपासनेला जमतच नाही.

गाडी चालवणारा माणूस २५ डिसेंबरला ड्युटीवर असतो म्हणूनच बाकीचे नाताळला घरी पोहोचतात. तुम्ही मेंढपाळांत मोडता. बुधवारी प्रार्थना सभा असते तिकडे या.

घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तर?

तारा लावू नका, वाटत नसेल तर. कुणी बोललं तर माझं नाव सांगा. आणि मंडळीने ज्या घरात तारा नाही त्या घरी आधी जावं. गाणं न म्हणता, भाजी-भाकरी घेऊन. पहिल्या नाताळापेक्षा त्यानंतरचा फेब्रुवारी कठीण जातो, तेव्हा येणारे थांबलेले असतात.

मे महिन्यात नाताळची गाणी म्हटली तर चालतील का? लोक हसतील.

हसू द्या. आम्ही म्हटली आहेत.

ऊसतोडीहून माणसं परतली त्या वर्षी कुणीतरी सुचवलं की यांचा नाताळ राहिलाय, तो करू. मे महिन्याचा दुसरा शनिवार होता, सूर्य बुडाल्यावर. निंबाखाली चटया टाकल्या. केक कुणाला सुचलाच नाही, आमरस केला, आणि एका घराने वरण-बट्टी. तारा माळ्यावरून काढला तर एक टोक उंदरांनी कुरतडलेलं. तसाच टांगला. पाळकसाहेबांनी लूकचा दुसरा अध्याय वाचला, आणि पडावावरून नुकती आलेली एक सहा-सात वर्षांची पोर आईच्या मांडीवरून उठून विचारू लागली की बाळाला उकडत नव्हतं का. तिच्या डोक्यात नाताळ आणि उन्हाळा एकच होता. कुणी तिला दुरुस्त केलं नाही. तिच्या आईने पदराने वारा घालत सांगितलं की मरीया घालत असेल ना वारा, आणि पोर पुन्हा आडवी झाली.